बीड, भीर आणि मोमिनाबाद

बीडजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेतले एक शिक्षक आमच्याकडे आले होते. त्यांच्या सातवीच्या वर्गाने त्यांना एका प्रश्नात अडकवले होते. बीड शहराच्या दक्षिणेला खजाना बावडी नावाची जुनी, प्रशस्त विहीर आहे. तिच्यातून भुयारी पाटांनी शेतांना पाणी जाते, आणि दुष्काळातही ती आटत नाही अशी तिची ख्याती आहे. मुलांनी विचारले, "सर, आमच्या शेतातल्या बोअरला सातशे फुटांवरही पाणी लागलं नाही. मग या उथळ विहिरीला कसं काय राहतं?"

प्रश्न साधा नव्हता. ज्या जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला हजारो कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात, तिथल्या मुलांनी पाण्याबद्दल विचारलेला तो प्रश्न होता. सरांनी तो मनावर घेतला. सुट्टीच्या दिवशी एस.टी.ने प्रवास करून ते एका मोठ्या ग्रंथालयात गेले. काउंटरवर विचारले, "खजाना विहिरीवर पुस्तक आहे का?" समोरच्या माणसाने संगणकात पाहिले आणि म्हणाला, "नाही." सर थोडा वेळ पंख्याखाली बसले आणि परतीच्या गाडीने घरी आले.

ते ग्रंथालय कोणते हे सांगण्याची गरज नाही. हे कुठेही घडले असते. खोटे कोणीच बोलले नव्हते. त्या नावाचे पुस्तक तिथे खरोखरच नसणार. आम्हांला मात्र आमचेच दिवस आठवले. संशोधनाच्या पहिल्या वर्षी एका जुन्या निबंधासाठी आम्ही चार दिवस पुस्तकांची कपाटे धुंडाळली होती. तो निबंध नियतकालिकाच्या बांधीव खंडात, वरच्या मजल्यावर होता. पुस्तके आणि नियतकालिके यांच्या याद्या वेगळ्या असतात हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते.

मोठ्या ग्रंथालयात शिरताना आपण बिचकतो, कारण तिथली प्रत्येक गोष्ट आधीपासून ठरलेली दिसते. पाठींवरचे आकडे, याद्या, नियम, खिडक्या. पण यांतली एकही सोय आपोआप आलेली नाही. प्रत्येक सोय कुठल्या तरी वाचकाच्या अडचणीतून जन्मली आहे. ती अडचण कळली की सोय कशी वापरायची हेही कळते. म्हणून सरांना आम्ही नियमांची यादी दिली नाही. थोडा इतिहास सांगितला. तोच इथे मांडत आहोत.

पोथी एक, वाचक अनेक

सुरुवात बीड जिल्ह्यातूनच करू. सोळाव्या शतकात अंबाजोगाईला दासोपंत होऊन गेले. त्यांनी विपुल लिहिले. त्यांच्या लेखनातली सर्वांत नवलाची वस्तू म्हणजे त्यांची पासोडी. पंचीकरण हा तत्त्वज्ञानातला विषय त्यांनी सुमारे चाळीस फूट लांबीच्या जाड्याभरड्या कापडावर, आकृत्या काढून समजावून दिला आहे. आज आपण फळ्यावर तक्ता टांगतो, तसाच हा तक्ता म्हणायला हरकत नाही.

पण ही पासोडी एकच होती. ती पाहायची तर अंबाजोगाईला जायला हवे. पोथ्यांचेही तसेच. पोथी कोणाच्या घरी आहे हे माहीत हवे, मालकाची ओळख हवी, नक्कल करून घ्यायला महिने हवेत. जुन्या काळचा अभ्यासू माणूस पायपीट करायचा तो ग्रंथ वाचण्याइतकाच तो कुठे आहे हे शोधण्यासाठी. ग्रंथालयाची पहिली सेवा या अडचणीतून आली. ती म्हणजे यादी: कोणता ग्रंथ कुठे आहे याची सर्वांना पाहता येईल अशी नोंद. पूर्वी ही यादी वहीत असे, मग छोट्या खणांतल्या कार्डांवर आली, आता ती संगणकात असते. रूप बदलले तरी काम तेच आहे. मात्र यादीत ग्रंथांची नावे असतात, आपल्या मनातले प्रश्न नसतात. सरांची गाडी इथेच अडली होती.

हैदराबादची वाट

बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. इथल्या मुलाला पदवी घ्यायची तर आधी औरंगाबादचे इंटरमीजिएट कॉलेज आणि मग दूर हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ, अशी वाट होती. उस्मानियाची स्थापना १९१८ सालची. तिथले शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. एका भारतीय भाषेतून विज्ञान, वैद्यक आणि अभियांत्रिकी शिकवण्याचा तो मोठा प्रयोग होता. त्यासाठी विद्यापीठाच्या आधीच एक भाषांतर विभाग उघडण्यात आला आणि इंग्रजी पाठ्यग्रंथ उर्दूत आणले गेले. भौतिकी आणि रसायन यांच्या परिभाषेवर तिथे कसून चर्चा होत असत.

या प्रयोगाशी जोडलेले मौलवी अब्दुल हक अनेक वर्षे औरंगाबादेत राहिले. त्यांच्या अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे कार्यालयही तिथेच होते. या संस्थेने १९२८ साली 'सायन्स' नावाचे उर्दू त्रैमासिक काढले. मराठवाड्याच्या भूमीतून लोकांसाठी विज्ञानाचे नियतकालिक निघत होते, हे आज आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

या प्रयोगाचे मोठेपण मान्य करूनही दुसरी बाजू सांगायला हवी. घरी मराठी बोलणाऱ्या बीडच्या मुलाला ज्ञानाच्या दारापर्यंत जायला शेकडो किलोमीटरचे अंतर होते आणि वर भाषेचेही अंतर होते. आपल्या विषयाच्या दृष्टीने आणखी एक परिणाम झाला. बीडची जुनी कागदपत्रे फारसी आणि उर्दूत आहेत आणि त्यांतली बरीच हैदराबादेत आहेत. १८९१ साली तिथे स्थापन झालेल्या आसफिया ग्रंथालयाचे आज राज्य मध्यवर्ती ग्रंथालय झाले आहे. बीडच्या इतिहासाचा शोध घेणाऱ्याला कधीतरी त्या बाजूला वळावेच लागते.

कपाटांची कुलपे निघाली

पुस्तक आहे, यादीतही आहे, पण कपाटाला कुलूप आहे. आपल्याकडच्या जुन्या संग्रहांची ही नेहमीची तऱ्हा होती. पुस्तके जपण्यासाठी असतात, वापरायला दिली की खराब होतात, अशी समजूत होती. तिला मोठा धक्का बडोद्यात बसला. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी घरात जन्मलेले सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास बोलावले. तिथे मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, आणि पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेड्यापाड्यांत फिरू लागल्या. वाचक पुस्तकाकडे येऊ शकत नसेल तर पुस्तकाने वाचकाकडे जावे, हा विचार त्यामागे होता. आज एक ग्रंथालय दुसऱ्याकडून आपल्यासाठी पुस्तक किंवा निबंधाची प्रत मागवते. ती सोय याच विचाराची नात म्हणावी लागेल.

दुसरा धक्का एका गणिताच्या मास्तरांनी दिला. शियाळी रामामृत रंगनाथन मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवीत. जानेवारी १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. पहिल्या काही दिवसांतच ते कंटाळले आणि पुन्हा वर्गात जाण्याची वाट पाहू लागले. पण त्याच वर्षी ते अभ्यासासाठी लंडनला गेले, तिथली ग्रंथालये वाचकांनी कशी गजबजलेली असतात हे त्यांनी पाहिले आणि त्यांचे मन पालटले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांचे सार असे: पुस्तके वापरण्यासाठी आहेत, प्रत्येक वाचकासाठी कुठे तरी पुस्तक आहे आणि प्रत्येक पुस्तकासाठी कोणी तरी वाचक, वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये, आणि ग्रंथालय ही वाढती गोष्ट आहे.

यातून संदर्भ सेवा ही आपल्या सर्वांत उपयोगाची सोय उभी राहिली. रंगनाथन यांच्या मते वाचकाला त्याच्या पुस्तकापर्यंत पोचवणे हे ग्रंथपालाचे मुख्य काम आहे. पुस्तके देणे-घेणे ही खिडकी वेगळी, आणि "मला अमुक शोधायचे आहे, कुठून सुरुवात करू?" हे विचारण्याची जागा वेगळी. आमच्या सरांनी पहिल्या खिडकीवर दुसऱ्या जागेचा प्रश्न विचारला होता. तेव्हा मोठ्या ग्रंथालयात गेल्यावर आधी संदर्भ विभाग कुठे आहे ते विचारावे. तिथल्या माणसाला त्रास देतो आहोत असे मुळीच वाटू देऊ नये, कारण तो तिथे त्यासाठीच बसलेला असतो.

एक प्रश्न, तीन कपाटे

आता पाठींवरच्या आकड्यांकडे वळू. पूर्वी पुस्तकाला जागेचा क्रमांक असे: तिसरे कपाट, दुसरा खण, पाचवे पुस्तक. नवे पुस्तक आले की सगळा घोटाळा होई. १८७६ साली अमेरिकेतल्या ॲमहर्स्ट कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या मेल्विल ड्युई यांनी क्रमांक जागेला न देता विषयाला दिला. सर्व ज्ञानाचे दहा भाग, प्रत्येकाचे पुन्हा दहा, आणि पुढे दशांश चिन्ह देऊन हवे तितके बारीक. ५०० म्हणजे विज्ञान, ५५० च्या घरात भूविज्ञान, ५५१.४९ म्हणजे भूजल. दशांश अपूर्णांक शिकवताना याहून चांगले उदाहरण आम्हांला माहीत नाही. ५५१.४९ आणि ५५१.५ यांत आधी कोणते पुस्तक लागेल, हे मुलांना विचारून पाहा. "एकोणपन्नास मोठे" म्हणणारी मुले लगेच सापडतील.

या पद्धतीचा फायदा असा की एक चांगले पुस्तक सापडले की त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला त्याची भावंडे सापडतात. पण तिला एक मर्यादाही आहे. पुस्तक एकाच जागी ठेवता येते, प्रश्न मात्र अनेक जागी पसरलेला असतो. खजाना बावडीचेच पाहा. ती कोणी, केव्हा बांधली हे ९५४ मध्ये, भारताच्या इतिहासात. तिच्या खडकात पाणी कसे मुरते हे ५५१.४९ मध्ये. पाणी भुयारांतून कसे नेले हे ६२८ च्या आसपास, पाणीपुरवठ्याच्या अभियांत्रिकीत. मुलांचा प्रश्न एक, कपाटे तीन, आणि तीही कदाचित तीन मजल्यांवर.

ही अडचण रंगनाथन यांनी ओळखली होती. लंडनच्या एका दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. त्याच पट्ट्या आणि तेच स्क्रू वेगवेगळे जोडले की वेगवेगळ्या वस्तू तयार होतात. विषयाचेही असेच सुटे भाग करावेत, असे त्यांना सुचले: वस्तू कोणती, क्रिया कोणती, जागा कोणती, काळ कोणता. यातून १९३३ साली त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत आली. सगळ्या ग्रंथालयांत ती वापरात नसली तरी तिच्यातली युक्ती शिक्षकाने घरी नेण्यासारखी आहे. ग्रंथालयात जाण्याआधी आपला प्रश्न कागदावर लिहावा आणि त्याचे भाग पाडावेत. वस्तू: विहीर. क्रिया: पाणी मुरणे, साठणे, वाहणे. जागा: बीड, काळ्या खडकाचा प्रदेश. काळ: निजामशाही आणि आजचा. आता ग्रंथपालाला "खजाना विहिरीवर पुस्तक आहे का?" असे न विचारता "काळ्या खडकातल्या भूजलावर काय आहे?" असे विचारता येते. या प्रश्नाला "नाही" असे उत्तर येणे कठीण आहे.

गावांची नावे, वर्षांचे हिशेब

बीडच्या वाचकाला आणखी एक अडचण येते. राज्ये बदलली तशी गावांची नावेही बदलली. जुन्या इंग्रजी पुस्तकांत बीडचे स्पेलिंग 'भीर' किंवा 'बीर' असे असते. राज्य शासनाचा १९६९ चा जिल्हा गॅझेटिअरही 'भीर' याच नावाने निघाला. अंबाजोगाई निजामाच्या काळात मोमिनाबाद होती आणि तिथे लष्कराची छावणी होती. धाराशिवसाठी उस्मानाबाद, छत्रपती संभाजीनगरसाठी औरंगाबाद ही नावेही शोधून पाहायला हवीत. संगणकाला हा इतिहास माहीत नसतो. त्याला 'बीड' विचारले तर तो 'बीड'च शोधतो. त्यामुळे सर्व जुनी-नवी नावे आणि शक्य ती सर्व स्पेलिंगे आधी लिहून न्यावीत.

वर्षांचेही तसेच. हैदराबाद संस्थानाच्या अहवालांवर फसली सन असे. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो. उदाहरणार्थ, १३३८ फसली म्हणजे १९२८-२९, कारण हे वर्ष ऑक्टोबरात सुरू होई. शिलालेखांवर हिजरी सन असतो. हिजरी वर्ष चांद्र असल्याने ते साधारण ३५४ दिवसांचे, आणि सुमारे तेहतीस वर्षांत ते आपल्या पंचांगाच्या एक वर्ष पुढे जाते. त्यामुळे तिथे नुसती बेरीज करून भागत नाही. गणिताच्या तासाला हाही चांगला खुराक आहे.

विद्यापीठ जवळ आले

१९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. ज्यांच्या कित्येक पिढ्यांना पाटीही मिळाली नव्हती अशा घरांतली मुले तिथल्या वसतिगृहांत राहून शिकली. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले आणि हैदराबादची वाट संपली. १४ जानेवारी १९९४ रोजी, दीर्घ आणि वेदनादायक संघर्षानंतर, त्याचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. त्याच वर्षी नांदेडला दुसरे विद्यापीठ निघाले, पण बीड जिल्हा जुन्या विद्यापीठाकडेच राहिला. बीडहून ते अंतर सव्वाशे किलोमीटरच्या पुढे, अंबाजोगाईहून दोनशेच्याही पुढे. जवळ आले म्हणायचे ते असे.

हे उरलेले अंतर संगणकाने बरेच कमी केले आहे. विद्यापीठांची ग्रंथालये एकमेकांना जोडण्यासाठी १९९१ साली इन्फ्लिबनेट हा प्रकल्प सुरू झाला. त्याचे केंद्र गुजरातेत आहे. त्याच्या 'शोधगंगा' या भांडारात देशातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध आहेत आणि ते कोणालाही घरबसल्या, विनाशुल्क वाचता येतात. शिक्षकांसाठी ही खाणच आहे. प्रबंधाचे दुसरे प्रकरण बहुधा त्या विषयावर आधी कोणी काय काम केले याचे असते. ते वाचले की पुढची चार नावे मिळतात. राज्याच्या गॅझेटिअर विभागाने जुने खंडही संगणकावर आणले आहेत. जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र एक सदस्यता' योजनेखाली सरकारी उच्च शिक्षण संस्थांना तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके खुली झाली. शाळा या योजनेत नाहीत. पण तुमच्या तालुक्यातल्या महाविद्यालयाचा ग्रंथपाल तुम्हांला वाट दाखवू शकतो. तेव्हा सुरुवात विद्यापीठापासून न करता त्याच्यापासून करावी. विद्यापीठात जायचेच झाले तर मुख्याध्यापकांचे पत्र आणि ओळखपत्र न्यावे, आणि बाहेरच्या वाचकांसाठी काय नियम आहेत ते आधी फोन करून विचारावे. फलकावर 'ज्ञानस्रोत केंद्र' असे लिहिलेले दिसले तर गोंधळू नये. ते ग्रंथालयच आहे.

पुन्हा बावडीकडे

सर पुन्हा गेले, या वेळी कागद घेऊन. इतिहासाच्या कपाटातून त्यांना कळले की ही विहीर सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या मूर्तझा निजामशाहाच्या काळात, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने बांधवली. भूविज्ञानाच्या कपाटाने सांगितले की आपला काळा खडक लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे. पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या भागात, भेगांत आणि थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यांत. खाली खडक घट्ट असेल तर सातशे फूट खोदूनही हाती काही लागत नाही. म्हणजे खोल गेल्याने पाणी मिळतेच असे नाही. तिसऱ्या कपाटात इराणच्या भुयारी कालव्यांची आणि औरंगाबादच्या नहर-ए-अंबरीची माहिती होती. आडवे भुयार खणून उथळ भूजल गोळा करायचे आणि उताराने वाहू द्यायचे, अशी ती रीत. पंपाशिवाय पाणी मिळते, आणि भुयाराच्या पातळीखालचे पाणी उपसलेही जात नाही.

मुलांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळाले. उरलेले निम्मे कोणत्याही कपाटात नव्हते. विहिरीची पातळी वर्षभरात किती वरखाली होते? आजूबाजूला बोअर वाढल्यावर तिच्यात फरक पडला का? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तिच्या जिल्हा कार्यालयाकडे सरांनी अर्ज केला. पण मुलांनी स्वतःहून आणखी एक ठरवले. मोठी माणसे बरोबर असताना, काठावर सुरक्षित उभे राहून, गाठी मारलेल्या दोरीने गावातल्या तीन विहिरी दर पौर्णिमेला मोजायच्या. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी गावाचे नाव, तारीख आणि मोजण्याची पद्धत लिहिली आहे. हे सरांनी मुद्दाम करून घेतले. "पुढं कुणी शोधलं तर सापडायला हवं ना," ते म्हणाले.

आमच्या मते त्या शाळेचे ग्रंथालय त्या दिवशी सुरू झाले. तुमच्या गावच्या जुन्या विहिरीबद्दल, तलावाबद्दल तुमच्या वर्गाने काय विचारले आणि तुम्हांला ते कोणत्या कपाटात सापडले, की कुठेच सापडले नाही, ते आम्हांला जरूर कळवा.